बंद घराची हजेरी

मानसिंगराव थोरातांना कॅनडाचा व्हिसा मिळाला त्या दिवशी त्यांच्या घरात एकाला आनंद झाला आणि एकाला घाम फुटला. आनंद संयोगिताबाईंना झाला, कारण कॅनडातल्या त्यांच्या मुलाला, विश्वजीतला, मुलगी होऊन दोन महिने झाले होते आणि नातीला त्यांनी अजून फक्त मोबाईलच्या काचेआडून पाहिलं होतं. घाम मानसिंगरावांना फुटला. पाच महिने घर बंद राहणार होतं.

आता हे घर म्हणजे काही राजवाडा नव्हे. रहिमतपूरच्या अलीकडे हिंगणवाडी म्हणून गाव आहे, त्याच्या कडेला साखर कारखान्यातल्या निवृत्त मंडळींनी वसवलेली वीस-बावीस घरांची कॉलनी. त्यात हे एक. पुढं ओसरी, मागं दोन नारळ आणि विहीर, आणि दर्शनी बाजूला सागवानी दार. त्या दारावर मानसिंगरावांचा फार जीव. पाहुणा आला की ते आधी दार दाखवीत, मग आत घेत.

मानसिंगराव चौतीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. कोण वेळेवर आला, कोण उशिरा आला, कोणाची हजेरी त्याच्या मेव्हण्यानं परस्पर लावली, हे हुडकून काढणं हे त्यांचं काम. अशा नोकरीत माणसाचा जगावरचा विश्वास हळूहळू उडतो, आणि तो त्यालाच अनुभव म्हणायला लागतो. त्यात मार्चमध्ये शिरवळला त्यांच्या भाच्याचं बंद घर फुटलं. चोरांच्या हाती काही लागलं नाही. त्यांनी फ्रीजमधलं श्रीखंड खाल्लं, पातेलं घासलं आणि ओट्यावर पालथं घालून गेले. मानसिंगरावांना त्या घासलेल्या पातेल्याचीच जास्त भीती वाटली. इतक्या निवांतपणे वावरणारा चोर आपल्या घरात काय काय करील, या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना.

तेव्हा त्यांनी धोरण ठरवलं, की कॅनडाला जायचं, पण गावाला कानोकान खबर लागू द्यायची नाही.

"आवं, पण आप्पा भावजींना तर सांगाल का न्हाई?" संयोगिताबाईंनी विचारलं.

"आप्पाला मुळीच नाही," मानसिंगराव म्हणाले.

आप्पासो मोहिते शेजारी राहत. कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. गेली चाळीस वर्षं दोघांची दोस्ती, आणि रोज संध्याकाळी सहाला आप्पासो मानसिंगरावांच्या ओसरीवर हजर. माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्या पोटात काही राहत नसे. मानसिंगरावांच्या मूळव्याधीची बातमी त्यांनी कोरेगावच्या एसटीत कंडक्टरपर्यंत पोचवली होती. तीही काळजीपोटी. कुणाला झाडपाल्याचं औषध ठाऊक असलं तर बघावं म्हणून. मानसिंगराव त्यानंतर वर्षभर एसटीनं गेले नाहीत.

गुपित ठेवायचं म्हटलं तरी सल्ला लागतोच. कॉलनीतले धम्मपाल कांबळे पोस्टमन म्हणून निवृत्त झाले होते. मानसिंगरावांनी त्यांना गाठलं आणि आपल्या एका मित्राचं म्हणून विचारलं.

"मित्र कुठला?" धम्मपालांनी विचारलं.

"कराडचा."

"त्यांला सांगा, बंद घर लांबनं वळखायच्या तीन खुणा हायत. दाराला कुलूप, सांजचं अंधार आन् आत चिडीचूप. तीस वर्षं टपाल वाटलंय, मला फाटकातनंच कळायचं. कुलूप न्हाई, दिवा हाय, रेडिओ लागलाय, म्हंजी माणूस घरात हाय. चोराचा बाप बी आत शिरायचा न्हाई."

मानसिंगरावांना हे इतकं पटलं, की त्यांनी त्याच दिवशी सांगलीला फोन लावला. तिथं त्यांचा मेहुणा इंद्रजित विजेच्या सामानाचं दुकान चालवतो. इंद्रजित दोन टायमर आणि एक कॅमेरा घेऊन आला. एका टायमरनं संध्याकाळी हॉलमधला दिवा लागायचा आणि दहाला विझायचा. दुसऱ्यानं पावणेसहाला रेडिओ सुरू व्हायचा. कॅमेरा दाराच्या वर बसला. त्यातलं चित्र जगाच्या पाठीवर कुठंही मोबाईलवर दिसायचं, आणि बटण दाबून बोललं तर आवाजही इथं यायचा. कॉलनीला सांगितलं, की मांजरं फार झालीत. पुढच्या दाराला आतून कडी घालायची आणि मागच्या दारानं बाहेर पडून ते खटक्याच्या कुलपावर नुसतं ओढून घ्यायचं, असं ठरलं. म्हणजे बाहेरून कुलूप दिसायला नको. चौतीस वर्षं ज्या माणसानं कुणाची खोटी हजेरी खपवून घेतली नाही, तो आता स्वतःचीच खोटी हजेरी लावत होता. पण हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि आणून देईल असं जवळ कोणी नव्हतं.

इथवर थांबले असते तरी चाललं असतं. पण बाहेरगावी जाताना पोलिसांना कळवावं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं अमलात आणायची त्यांना खोड होती. ते ठाण्यात गेले. अंमलदार सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली आणि अर्ज लिहायला सांगितला. जाण्याची तारीख, येण्याची तारीख, ठिकाण आणि घरातल्या किमती वस्तूंची यादी.

मानसिंगराव यादी करायला बसले आणि पेन अडलं. दागिने बँकेच्या लॉकरात होते. राहिलं काय? टीव्ही लिहिला. त्याचा वरचा कोपरा हिरवा दिसायचा. मिक्सर लिहिला. शिलाई मशीन लिहिलं. मग बराच वेळ छताकडं बघून त्यांनी पितळी घंगाळ लिहिलं.

"एवढंच?" अंमलदारांनी विचारलं. बिचाऱ्यांनी सहज विचारलं होतं.

पण मानसिंगरावांना ते लागलं. जन्मभर राबून उभ्या केलेल्या घराची यादी एका ओळीत संपली होती, आणि तीही घंगाळ घालून. "दारसुद्धा आहे. सागवानी," असं ते म्हणाले. अंमलदारांनी तेही लिहून घेतलं आणि चुकायला नको म्हणून सगळा अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला.

मागच्या बाकड्यावर जत्रेच्या स्पीकरची परवानगी काढायला आलेला शिवतेज बसला होता. शिवतेज म्हणजे मानसिंगरावांचा चुलतपुतण्या, गावच्या युवा मंचाचा अध्यक्ष. त्यानं अर्ज शब्द न शब्द ऐकला.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. बारा फूट रुंद. मधोमध मानसिंगराव, कुणाच्या तरी लग्नात फेटा बांधलेले, आणि त्यांच्या डोळ्यांवर कुणीतरी कॉम्प्युटरनं काळा गॉगल चढवलेला. मागं एक विमान आणि बर्फाचा डोंगर. वर लिहिलेलं, "हिंगणवाडीचे भूषण, मा. मानसिंगराव थोरात (तात्या) यांना सपत्नीक कॅनडा दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!" आणि खाली, चोरांना काही विचारायची गरज पडू नये अशा ठळक अक्षरांत, "प्रस्थान १४ एप्रिल, आगमन १२ सप्टेंबर."

मानसिंगरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी शिवतेजला बोलावून घेतलं.

"आत्ताच्या आत्ता उतरव तो."

"तात्या, आसं कसं? आपल्या घरातलं पयलं वडीलधारं मानूस इमानात बसतंय. आन् कोपऱ्यात नेत्यांचं फोटो हायत खाली. जत्रेच्या आदी उतरला तर नाराज हुत्याल की समदी."

नेत्यांचे सात फोटो खरंच होते. सात नेत्यांना नाराज करायची ताकद मानसिंगरावांत नव्हती, आणि ते विचार करीत बसले. विचारातून जी युक्ती निघाली तिचा त्यांना त्या वेळी अभिमान वाटला. फ्लेक्स तसाच ठेवायचा आणि त्यावर आडवी पट्टी चिकटवायची, "दौरा रद्द". संध्याकाळपर्यंत पट्टी लागली.

गावानं त्यातून व्हिसा नाकारला एवढाच अर्थ काढला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं भेटायला यायला लागली. चपला बाहेर काढून, आवाज खाली घेऊन, भिंतीला टेकून बसायची. कुणी केळी आणली. रंगूबाई म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या म्हातारीनं संयोगिताबाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाऊ दे बाई, नात काय पळून जाती व्हय." एकानं सांगितलं, की व्हिसा नाकारायला बोटांचे ठसे कारण असतात, उसाची तोड केलेल्यांचे ठसे उमटतच नाहीत. मानसिंगरावांनी आयुष्यात कोयता हातात धरला नव्हता, तरी त्यांनी मान डोलावली. कुणी म्हणालं, इंग्रजीत कमी पडले असतील. हे मात्र जिव्हारी लागलं. टाइम ऑफिसची सगळी पत्रं इंग्रजीत काढणारा माणूस, आणि त्याला बोलायची सोय नव्हती. खिशात व्हिसा असताना तो इंग्रजीत नापास झाल्याचं सांत्वन ऐकून घेत होता.

आप्पासो तर रोज सहाच्या आधीच येऊन बसायला लागले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मनाला लावून घिऊ नगंस गड्या. पुन्यांदा अर्ज कर. मी येतो ममईला संगं." मानसिंगराव वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. त्यांना त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं होतं. पण कोरेगावची एसटी डोळ्यांपुढं आली आणि त्यांनी पान उलटलं.

तेराला बॅगा पुढं पाठवायच्या होत्या. इंद्रजितचा टेम्पो आला. चाकांच्या मोठ्या बॅगा पोत्यांत घालून तोंडं शिवली होती. आप्पासो लगेच कुंपणापलीकडून आले. "काय हाय रं?"

"गहू. सांगलीला."

आप्पासोंनी कंबर दुखत असताना एक पोतं स्वतः उचललं आणि टेम्पोत टाकलं. जन्म वजनकाट्यावर गेलेला माणूस तो. क्षणभर थांबून म्हणाले, "हलका हाय रं गहू औंदा." आणखी काही विचारलं नाही. मानसिंगरावांनी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

चौदाला भर दुपारी, कॉलनी पंख्याखाली घोरत असताना, नवरा-बायको मागच्या दारानं निघाले आणि बांधाबांधानं चालत जाऊन डांबरी रस्त्यावर इंद्रजितच्या गाडीत बसले. संयोगिताबाईंच्या नव्या साडीला कुसळं लागली. "माझ्या लग्नात तर आसं पळून जायाची पाळी न्हवती आली," एवढंच त्या म्हणाल्या आणि मुंबईपर्यंत कुसळं वेचत बसल्या.

कॅनडात पोचल्यावर विश्वजीतनं वडिलांच्या फोनमध्ये तिकडचं सिम घातलं आणि गावचा नंबर बंद पडला. मानसिंगरावांना हे बरंच वाटलं. नातीला त्यांनी मांडीवर घेतलं, पण एका हातात. दुसऱ्या हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये ओसरी. तिकडं सकाळचा नाश्ता असे तेव्हा इकडं संध्याकाळ. बरोबर वेळेला दिवा लागलेला दिसे, रेडिओ ऐकू येई, आणि मानसिंगरावांना समाधान वाटे. पोरीनं बोट धरलं तरी त्यांचं लक्ष नसे. संयोगिताबाई म्हणाल्याही, "नातीला बघायला आलाय का दाराला?"

एक गोष्ट मात्र रोज दिसत होती. गावाकडच्या सहाला आप्पासो येत, दारावर थाप मारीत, हाक घालीत, थोडं थांबत आणि परत जात. पहिल्या दिवशी दोन हाका. दुसऱ्या दिवशी चार. मानसिंगराव ते बघत आणि ब्रेडला लोणी लावीत. त्यांना वाटलं, कंटाळेल आणि यायचा थांबेल.

अठराला तिकडच्या सकाळी साडेआठला मोबाईल टुणटुणला. त्यांनी उघडून पाहिलं तर ओसरीवर पंधरा-वीस माणसं. धम्मपाल दाराला कान लावून उभे होते.

"कुलूप न्हाई," ते सगळ्यांना सांगत होते, "कडी आतनं हाय, दिवा लागलाय, रेडिओ चालू हाय. माणसं आतच हायत. मी तीस वर्षं टपाल वाटलंय."

"चार दिस झालं, कुनी भायेर न्हाई. फोन बंद. इश्वजितदादा बी उचलंना झालाय," शिवतेज म्हणाला. विश्वजीतचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता.

"व्हिसा गेल्याचं मनाला लावून घेतलं वो त्येंनी," रंगूबाईनं डोळ्याला पदर लावला. "काय करून घेतलं आसंल का?"

आप्पासो दारावर दोन्ही हातांनी थापा मारत होते. "मानसिंग! आरं दार उघड! कॅनडा गेला खड्ड्यात, तू दार उघड आदी!" मग वळून म्हणाले, "पहार आना."

मानसिंगराव खुर्चीतून उठले. खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "सागवान!" नंतर पुढं कितीतरी दिवस त्यांना या शब्दाची लाज वाटत राहिली. पण तेव्हा तोच निघाला. शिवतेजनं पहार घातली, आप्पासोंनी सत्तर वर्षांचा खांदा लावला, आतली कडी तुटली आणि एक फळी बिजागरातून निखळून कलली. आप्पासो नावानं हाका मारत आत धावले.

आतलं कॅमेऱ्यात दिसत नव्हतं. रेडिओवरच्या शेतीविषयक कार्यक्रमात कुणीतरी हुमणी किडीचा बंदोबस्त सांगत होतं, तेवढं ऐकू येत होतं. थोड्या वेळानं आप्पासो बाहेर आले. पायरीवर बसले. टॉवेल तोंडाला लावला.

"आत कुनीच न्हाई," ते म्हणाले.

मग गर्दीतून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "हीर बघायला पायजे."

"बाबा, हे बटण दाबा आणि बोला," विश्वजीत म्हणाला. तो केव्हाच मागं येऊन उभा होता.

मानसिंगरावांचं बोट बटणाशी आलं आणि थांबलं. बोलायचं म्हणजे सगळं सांगायचं. खोटी पट्टी, खोटं सांत्वन, खोटा गहू, सगळं त्या वीस माणसांसमोर, आपल्या तोंडानं. न बोलावं, तर उद्या इंद्रजितकडून काहीतरी निरोप पाठवता आला असता. माणूस अशा वेळी अब्रू वाचवायच्या किती वाटा शोधतो, हे त्यांना त्या दोन श्वासांत कळलं. तेवढ्यात पडद्यावर आप्पासो उठले. ते विहिरीच्या बाजूला निघाले.

"आप्पा!" मानसिंगराव ओरडले. "विहिरीकडं जाऊ नको! मी कॅनडात आहे!"

ओसरीवर पळापळ झाली. रंगूबाईनं "आवं, आवाज वरनं आला" म्हणून छताला हात जोडले. शिवतेजच्या हातून पहार पडली. धम्मपालांनी तेवढा कॅमेरा ओळखला आणि बोट दाखवलं.

आप्पासो माघारी आले. कॅमेऱ्याखाली उभे राहून त्यांनी वर बघितलं. घामानं भिजलेलं कपाळ, आणि खाली लाल झालेले डोळे. मानसिंगरावांनी चाळीस वर्षांत हा चेहरा इतक्या जवळून कधी बघितला नव्हता.

"वयनी?"

"आहे. ही काय इथंच आहे."

"कवा गेलास?"

"चौदाला."

"मंजी गहू..."

"बॅगा होत्या."

आप्पासोंनी टॉवेलनं कपाळ पुसलं.

"मला सांगितलं आसतंस तर मी काय चोराला आवतन धाडलं आसतं व्हय रं?"

मानसिंगरावांजवळ उत्तरं होती. एसटीचा कंडक्टर होता, शिवतेजचा फ्लेक्स होता, शिरवळचं पातेलं होतं. टाइम ऑफिसच्या खिडकीतून त्यांनी कैक माणसांना अशी कारणं देताना ऐकलं होतं, आणि एकाचंही कधी मानलं नव्हतं.

"चुकलं, आप्पा," ते म्हणाले. बायको, मुलगा, सून, सगळ्यांसमोर म्हणाले. "मी घराचाच विचार केला. तुझा केलाच नाही."

आवाज तिकडं पोचायला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ मानसिंगरावांना फार मोठा वाटला.

"घर बांधताना ह्या भित्तींना एकवीस दिस पानी मी मारलंय," आप्पासो म्हणाले. "तुला कारखान्यात गळिताची ड्युटी हुती तवा." आणि त्यांनी पाठ फिरवली.

ते आता जातील, असं मानसिंगरावांना वाटलं. गेले असते तर काही बोलायला जागा नव्हती. पण आप्पासोंनी शिवतेजला हाताशी घेऊन निखळलेली फळी उचलली, चौकटीला टेकवली, खाली वीट लावली. मग माणसांना म्हणाले, "जावा आता घरला. मानूस जित्तं हाय. काय बघताय?" माणसं पांगली. ओसरीतली खुर्ची ओढून त्यांनी फुटक्या दाराच्या तोंडाशी आडवी टाकली आणि बसले. खांदा दुखत असावा. दुसऱ्या हातानं चोळत होते.

मानसिंगरावांनी बटणावरचं बोट काढलं नव्हतं. मग वर न बघता आप्पासोंनी विचारलं,

"तिकडं काय वाजलं?"

"सकाळचे पावणेनऊ."

"च्या झाला का?"

"नाही अजून," मानसिंगराव म्हणाले.

"मग घे की. मी बसलोय हितं."